उपसागरातलं वादळ आणि शेजारचं लग्न

माझे सासरे आयुष्यभर हवामान खात्यात निरीक्षक होते. विदर्भात आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात, मीही तेच म्हणत असे. सासूबाई गेल्यावर त्यांनी नागपूरचं भाड्याचं घर सोडलं आणि ते भिलाईला, सेक्टरमधल्या आमच्या क्वार्टरमध्ये राहायला आले. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती. माझे यजमान पोलादाच्या कारखान्यात हिशेबाच्या विभागात कामाला होते आणि मी टाउनशिपमधल्या एका शाळेत भूगोल शिकवत होते.

मामाजींचे पहिले काही महिने जड गेले. ठरलेल्या वेळी उठायचं, अंगणात जायचं, वारा आणि ढग बघायचे, ही सवय सुटत नव्हती, आणि ते बघून सांगायचं कुणाला हा प्रश्न होता. मी पोळ्या लाटत असले की ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणायचे, "सूनबाई, वारा पूर्वेकडे वळून राहिला." मी "हो का," म्हणायची आणि पुढची पोळी तव्यावर टाकायची. त्यांनी जुन्या बाजारातून कधीतरी घेतलेला, स्वतः दुरुस्त केलेला एक गोल पितळी दाबमापक आमच्या पुढच्या खोलीत टांगला होता. रोज सकाळी त्याच्या काचेवर नखानं टिचकी मारून काटा बघत. यजमान म्हणायचे, "बाबा, आता तुम्ही रिटायर झाले ना. कावून जीव लावून राहिले त्याच्यात?" मामाजी काचेवर आणखी एक टिचकी मारायचे.

आमच्या क्वार्टरची एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक होती. ते कुटुंब तेलुगू, काकीनाड्याजवळच्या समुद्रकाठच्या एका गावचं. नवरा रोलिंग मिलमध्ये फोरमन होता. त्याच्या बायकोला आमच्या क्वार्टरांची सगळी लाइन अक्का म्हणायची, मीही. तिला एकच मुलगी होती. अक्का हसरी आणि बोलकी होती, पण दसरा झाला की तिचं हसणं कमी व्हायचं. आम्हाला ते दिवस आवडायचे. उकाडा संपलेला असायचा, स्वेटरं उन्हात पडायची, जवळच्या सुपेल्याच्या बाजारात पेरू यायचे. अक्काला मात्र तो वादळांचा हंगाम होता. लहानपणी एका वादळात तिच्या मावशीचं घर समुद्राच्या पाण्यानं नेलं होतं. ऑक्टोबरपासून तिचा रेडिओ दिवसभर समुद्रकाठच्या तेलुगू केंद्रावर लावलेला असायचा. 'पावसाळ्यानंतर बंगालच्या उपसागरात चक्रीवादळे निर्माण होतात' हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होते. ते वाक्य भिंतीपलीकडे राहतं, हे मला मामाजी आल्यावर कळलं.

झालं असं की एका संध्याकाळी अक्का कुंपणाशी उभी राहून मला सांगत होती, "टीचर, समंदर में फिर कुछ बना है. वैज़ाग से आठ सौ किलोमीटर बोला." मामाजी मागे खुर्चीत बसले होते. ते एकदम उठून आले.

"कौन सी दिशा में बोला?" त्यांनी विचारलं.

अक्कानं थोडा विचार केला. दिशेचा तेलुगू शब्द तिला माहीत होता, हिंदी माहीत नव्हता. तिनं हात वर करून सूर्य उगवतो ती बाजू दाखवली आणि मग तो हात थोडा उजवीकडे नेला. "आग्नेय," मामाजी म्हणाले. "और मछलीपट्टनम से कितना बोला?" ते तिनं ऐकलं नव्हतं. "कल सुनना," ते म्हणाले, "दोनों सुनना."

त्या रात्री जेवताना त्यांनी मला विचारलं, "सूनबाई, तुह्या शाळेत जुना नकाशा असन का? भिंतीवरचा?"

होता. काश्मीरच्या बाजूनं फाटलेला, म्हणून कपाटामागे टाकलेला. मुख्याध्यापिकाबाईंना विचारून मी तो घरी आणला. मामाजींना काश्मीर नकोच होतं, त्यांना समुद्र हवा होता. त्यांनी माझ्या शिवणाच्या डब्यातून दोरा घेतला, नकाशाच्या प्रमाणाप्रमाणे दर शंभर किलोमीटरला एक गाठ मारली आणि असे दोन दोरे केले. एक टाचणीनं विशाखापट्टणमला लावला, दुसरा मछलीपट्टणमला. बातम्यांत दोन्ही शहरांपासूनचं अंतर सांगितलं की तेवढ्या गाठी मोजून दोरे ताणायचे. ते जिथं एकमेकांना भेटतील तिथं वादळ. अक्का आली तेव्हा तिला ही युक्ती इतकी आवडली की तिनं कपाळावरची टिकली काढून त्या जागी चिकटवली. "बाबूजी, इधर," म्हणाली. मग रोजची एक टिकली लागायला लागली.

ते पहिलं वादळ समुद्रातच विरलं. पण सवय लागली. अक्का तेलुगू बातम्या ऐके, मामाजी इंग्रजी आणि हिंदी. सातच्या सुमाराला ती आमच्याकडे यायची, कधी हातात इडल्यांचा डबा, कधी नुसतीच. टीव्हीवर बातम्यांच्या शेवटी उपग्रहानं काढलेलं ढगांचं चित्र दाखवायचे, तेवढ्यापुरते सगळे गप्प. मामाजींना त्या चित्राचं फार कौतुक होतं. त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीला असलं काही नव्हतं. समुद्रावरच्या जहाजांनी वारा आणि दाब कळवायचा, किनाऱ्यावरच्या निरीक्षकांनी कळवायचं, ते सगळे आकडे तारेनं यायचे आणि नकाशावर मांडून सारख्या दाबाच्या रेघा ओढायच्या.

"वादळ कोणी पाहत नव्हतं," ते अक्काला सांगत होते, मी मध्ये मध्ये हिंदी सुधारत होते. "त्याच्या आजूबाजूला काय चाललंय ते पाहत होतो. रेघा एकमेकींच्या जवळ येऊ लागल्या की समजायचं, मधात काहीतरी बसलंय. जहाजं मात्र वादळाच्या रस्त्यातून पळून जात. म्हणजे जिथली बातमी सगळ्यात जास्त पाहिजे, तिथलीच नसे."

अक्का म्हणाली, तिच्या लहानपणी काकीनाड्याच्या बंदरावर खांबावर काळे आकार चढवायचे, गोल आणि शंकूसारखे. लोक ते बघून होड्या किनाऱ्यावर ओढायचे. तिच्या आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कोणता आकार चढला की चूल विझवून देवळात जायचं ते तिला ठाऊक होतं. मामाजी बराच वेळ ऐकत राहिले. "आम्ही तार पाठवत होतो," मग ते मराठीत मला म्हणाले, "तिकडे त्या तारेचं काय होते ते कधी पाहिलंच नाही."

पुढच्या वर्षी अक्काच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा राउरकेल्याचा, तोही पोलादाच्याच गावातला, तेलुगूच. लग्न मात्र काकीनाड्याजवळच्या गावी करायचं होतं, कारण अक्काचे सासरे तिथं होते आणि नातीचं लग्न आपल्या दारात व्हावं अशी त्यांची इच्छा होती. अक्का त्यांना मामय्या म्हणायची. तेलुगूत सासऱ्याला तसंच म्हणतात, हे कळल्यावर मला गंमत वाटली. मुहूर्त नोव्हेंबरमधला होता. रायपूरहून वाल्टेअरच्या, म्हणजे विशाखापट्टणमच्या गाडीची तिकिटं काढली होती, पेट्या बांधून झाल्या होत्या, आणि अंदमानच्या बाजूला कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं.

पहिल्या दोन संध्याकाळी अक्का हसत होती. तिसऱ्या दिवशी बातमीत 'चक्रवात' हा शब्द आला. मामाजींनी दोरे ताणले, टिकली लावली आणि आधीच्या टिकल्यांवरून पट्टी ठेवून पुढे पाहिलं. पट्टी थेट काकीनाड्याच्या थोडी वर किनाऱ्याला लागत होती. त्यांनी पट्टी उचलून परत ठेवली. चष्मा पुसला.

"बाबूजी, बोलो," अक्का म्हणाली.

"अभी दूर है."

"बोलो."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. मग त्यांनी सांगितलं: असंच सरळ आलं तर लग्नाच्या आधी दोनेक दिवस हे वादळ तुमच्या गावाच्या आसपास किनाऱ्याला लागेल. गाड्या बंद होतील. तुम्ही निघालात तर रस्त्यात अडकाल. आणि तुमच्या म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांनी समुद्राच्या इतक्या जवळ राहू नये. "वळूही शकतं," ते पुढे म्हणाले. "वादळं वळतात. पण मी त्याच्यावर भरवसा ठेवणार नाही."

अक्काचा नवरा दाराशी उभा राहून ऐकत होता. मोठा शांत माणूस. तो म्हणाला, हर साल आता है, आणि दर वर्षी लग्नंही होतात. त्याचंही खरं होतं. दोघं घरी गेले. भिंतीपलीकडून बराच वेळ तेलुगूतलं बोलणं ऐकू येत होतं, भांडण नव्हतं, पण आवाज चढत होता. मामाजी पलंगावर बसून होते. "मी बोललो नसतो तर बरं झालं असतं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तिनं विचारलं म्हणून सांगितलं, मामाजी."

सकाळी अक्का कुंपणाशी आली. रात्री त्यांचं ठरलं होतं, लग्न भिलाईतच करायचं. नवऱ्यानं कारखान्यातून राउरकेल्याला फोन लावला. मुलाचे वडील म्हणाले, आम्हाला भिलाई तर जवळ आहे, एका गाडीत येतो, मुहूर्त तोच ठेवा. गावी तार गेली. अक्काच्या दिरानं म्हाताऱ्या-म्हातारीला गाडीत बसवून दिलं. रायपूरला त्यांना आणायला गेलेल्या अक्काच्या नवऱ्यानं परत आल्यावर सांगितलं की मामय्या नारळांची तीन पोती आणि केळीच्या पानांचा एवढा मोठा भारा घेऊन उतरले, आणि हमालाला हात लावू देईनात.

मामय्या उंच, काळेसावळे, पांढऱ्या धोतरातले गृहस्थ होते. आल्या दिवशी त्यांनी आमच्या भिंतीवरचा नकाशा येऊन पाहिला, त्यांच्या गावावर बोट ठेवलं, मग टिकल्यांवरून ते बोट हळूहळू समुद्रात नेलं. तेलुगूत काही तरी विचारलं. अक्कानं भाषांतर केलं: "पूछ रहे हैं, आज कहाँ है?"

त्या संध्याकाळी कळलं, आज कुठे आहे ते. वादळ वळलं होतं. दोरे ताणले तेव्हा नवी टिकली आधीच्या टिकल्यांच्या ओळीत बसेना, ती वर, उत्तरेकडे गेली. दुसऱ्या सकाळी आणखी वर. गावाहून दिराची तार आली, सगळं ठीक, थोडा वारा. वादळ ओरिसाकडे निघालं होतं.

मामाजी दिवसभर बाहेर आले नाहीत. मी शाळेतून आले तेव्हा त्यांनी नकाशावरचे दोरे काढून गुंडाळून ठेवले होते.

"जेवले नाहीत तुम्ही?"

"भूक नाही मले." थोड्या वेळानं म्हणाले, "त्या म्हाताऱ्याच्या दारात लग्न व्हायचं होतं. नातीचं. माह्या एका पट्टीनं ते इकडे आणलं. आता तिकडे ऊन पडून राहिलं."

मी चहा ठेवला. चहा होईपर्यंत मामय्या आले. अक्कानं त्यांना काही सांगितलं असणार. ते सरळ मामाजींच्या पलंगावर, त्यांच्या शेजारी बसले. अक्का मागोमाग आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मामाजी हात जोडून म्हणाले, "गलती हुई."

अक्कानं ते तेलुगूत सांगितलं. मामय्यांनी ऐकलं आणि ते हसू लागले. हसता हसता खोकला आला. मग सावकाश बोलले, आणि अक्का एकेक वाक्य हिंदीत करत गेली. "पूछ रहे हैं, तूफान नहीं आया इसलिए माफी माँगते हैं? बोल रहे हैं, मेरा नारियल का झाड़ सब खड़ा है. घर खड़ा है. मैं इधर बैठ के चाय पी रहा हूँ. आप सही होते, तो मैं आज रोता. आप गलत हुए, मैं बहुत खुश."

मी दोघांच्या हातात कप दिले. मामय्यांनी बशीत चहा ओतला आणि बशी मामाजींपुढे धरली. मामाजींनी ती घेतली. त्या रात्री ते नीट जेवले.

लग्नाचा मांडव क्वार्टरांच्या मधल्या मोकळ्या मैदानात पडला होता. सुपेल्याच्या मंडपवाल्यानं बांबू रोवले, रंगीत कापड ताणलं. राउरकेल्याची मंडळी येऊन पोचली, लाइनमधल्या घराघरांत त्यांच्या गाद्या पडल्या. आमच्याकडे मुलाची आत्या आणि तिच्या दोन सुना उतरल्या होत्या. आभाळ निळंभोर होतं. लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी.

दुपारी मी शाळेतून आले तर मामाजी दाबमापकासमोर उभे. टिचकी मारली, काटा खाली सरकला. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, "सकाळपासून उतरून राहिला हा. ते वादळ काल ओरिसात जमिनीवर आलं. जमिनीवर आलं की जोर संपते त्याचा, पण पाऊस पोटात राहते. आणि तिथून ते इकडेच येते. वायव्येला. सूनबाई, उद्या सकाळी इथं पाऊस पडन."

"मग सांगा त्यांना."

"कोणत्या तोंडानं सांगू? एकदा लग्न उचलून आणलं इथं. आता उद्या सकाळचा मांडव काढा म्हणू?"

मी म्हटलं, "तुम्ही सांगितलं नाही आणि पाऊस आला, तर तुमाले झोप लागन का?"

त्यांनी टोपी घातली आणि ते निघाले. मी मागे गेले. मांडवाखाली अक्का बायकांबरोबर फुलांच्या माळा करत होती, तिचा नवरा मंडपवाल्याशी बोलत होता, मामय्या खुर्चीवर होते. मामाजींनी जे होतं ते सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "मैं पिछली बार चूका था. इस बार भी चूक सकता हूँ."

मंडपवाल्यानं वर पाहिलं. "नवंबर में बारिश, बाबूजी?" अक्काच्या नवऱ्यानंही वर पाहिलं. आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. मला खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही वाटलं, नसतं सांगितलं तर चाललं असतं.

अक्कानं हातातली माळ खाली ठेवली. "बाबूजी बोले ना," ती म्हणाली. "अंदर करेंगे." आणि माझ्याकडे वळून, "टीचर, आपका स्कूल का हॉल मिलेगा क्या?"

तिचा नवरा काही बोलणार होता, तेवढ्यात मामय्यांनी विचारलं काय झालं, आणि अक्कानं सांगितल्यावर ते काठी टेकत उठलेच. मग कुणी वाद घातला नाही.

मुख्याध्यापिकाबाई माझ्याच मागच्या लाइनमध्ये राहायच्या. त्यांनी एक क्षण विचार केला, उद्या रविवार आहे ना एवढं विचारलं, आणि किल्ल्या दिल्या. संध्याकाळ बाकं उचलण्यात गेली. राउरकेल्याचे पाहुणे, आमच्या लाइनमधले पंजाबी, मल्याळी, छत्तीसगढी, सगळे बाकं उचलत होते. नवरा मुलगाही एक बाक उचलताना सापडला, त्याला त्याच्या आत्यानं ओरडून खाली बसवलं. मंडपवाला कुरकुरत होता, पण त्याची माणसं कामाला लागली. मामय्यांनी आणलेली केळीची पानं हॉलच्या दाराला बांधली. तिथल्या फळ्यावर माझ्याच अक्षरात त्या दिवसाचा धडा होता, तो पुसून मी तिथं तांदळाच्या पिठानं रांगोळीसारखं काही काढायचा प्रयत्न केला. पीठ फळ्यावर टिकेना. मग खडूनं काढलं.

सकाळी उजाडलंच नाही नीट. आभाळ खाली उतरलेलं, वारा थंड आणि पूर्वेचा. नवरीला घेऊन आम्ही शाळेच्या पायऱ्या चढत होतो तेव्हा पहिले थेंब पडले, आणि ती आत गेल्यावर जो पाऊस सुरू झाला तो तीन-चार तास थांबला नाही. मैदानावर राहिलेले बांबू आणि दोन-चार कापडं भिजून चिंब झाली. हॉलच्या पत्र्यांवर इतका आवाज होता की पुरोहितांना मंत्र ओरडून म्हणावे लागत होते. मुहूर्ताच्या वेळी तेलुगू रीतीप्रमाणे नवरानवरीनं जिरं आणि गुळाचा गोळा एकमेकांच्या डोक्यावर धरला, आणि मधला पडदा खाली झाला. वाजंत्र्यांनी वाजवायला सुरुवात केली, पण पाऊसच जास्त ऐकू येत होता. अक्का रडत होती आणि हसत होती. तिनं गर्दीत मामाजींना शोधलं, पदरानं डोळे पुसत त्यांच्याकडे पाहिलं आणि नुसती मान डोलावली. मामाजी भिंतीशी मामय्यांच्या शेजारी बसले होते. मामय्या त्यांना तेलुगूत सारखं काही सांगत होते आणि मामाजी वऱ्हाडी मराठीत उत्तरं देत होते. दोघांना एकमेकांचं काय कळत होतं देव जाणे.

जेवणाच्या पंगती वर्गांतून बसल्या. मुलांच्या लहान बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली आणि पुढ्यात केळीच्या पानावर पुळिहोरा म्हणजे चिंचेचा भात, साधा भात, सांबार. आमच्या घरून मी मोठं पातेलंभर कढी नेली होती. राउरकेल्याच्या आत्यांनी ती दोनदा मागून घेतली. माझ्या यजमानांनी वाढता वाढता मामाजींच्या पुढ्यात थांबून विचारलं, "बाबा, कधी थांबन हा पाऊस?" इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी वडिलांना हवामान विचारलं होतं. मामाजींनी घास गिळला आणि म्हणाले, "दुपारून थांबन. स्टेशनवर लोकांले सोडायला कोरडं भेटन."

कोरडं भेटलं. चारच्या सुमाराला पाहुण्यांना दुर्ग स्टेशनवर नेलं तेव्हा रस्ते ओले होते, पण वरून पाऊस नव्हता. नवरी खिडकीत बसली होती आणि अक्का प्लॅटफॉर्मवरून तिला तेलुगूत सूचना देत होती, त्या गाडी हलली तरी संपल्या नाहीत.

मामय्या आणि त्यांची बायको संक्रांतीपर्यंत भिलाईत राहिले. परत जायची घाई त्यांनी केली नाही, आणि समुद्रही त्या वर्षी पुन्हा खवळला नाही. रोज ऊन उतरलं की दोघं म्हातारे फिरायला निघायचे, कधी बागेपर्यंत, कधी सुपेल्याच्या बाजारात. मामय्यांना भाजीवाल्याशी हिंदीत घासाघीस करायची हौस होती आणि येत मुळीच नव्हती. मामाजी बाजूला उभे राहून ऐकायचे आणि अंधार पडायच्या आत दोघं एकेक पिशवी हातात घेऊन, आपापल्या भाषेत बोलत, लाइनीत शिरायचे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांना येताना बघायची आणि चहाचं आधण ठेवायची.